वाचकांचे प्रश्न : पिवळ्या झेंड्याचा न्याय

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमधला, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग ऊर्फ एनएफएलमधला धसमुसळा खेळ आणि पंचांचे एकमेकांशी न जुळणारे निर्णय यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. यांतील निम्मी पत्रे तिकडे स्थायिक झालेल्या वाचकांची आहेत, तर उरलेली मुलाबाळांच्या नादाने इथे बसून हा खेळ पाहू लागलेल्या आई-वडिलांची आणि आजी-आजोबांची.

प्रश्न : क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, पाडल्याबद्दल एका सामन्यात पंधरा यार्डांचा दंड होतो आणि दुसऱ्या सामन्यात त्याला याहून जोरात आपटले तरी पंच ढिम्म उभे राहतात. नियमपुस्तक एकच असताना असे का व्हावे?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नियमपुस्तक एकच आहे, पण या नियमातले शब्द फूटपट्टीने मोजता येतील असे नाहीत. चेंडू फेकणाऱ्यावर अनाठायी बळ वापरणे हा गुन्हा, ज्याला तिकडे ‘रफिंग द पासर’ म्हणतात, त्याची शिक्षा चेंडू पंधरा यार्ड पुढे आणि आपोआप मिळणारा नवा फर्स्ट डाऊन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार संधी पुन्हा पहिल्यापासून, अशी दुहेरी आहे. हातातून चेंडू सुटल्यावर बचावपटूला फार तर एक पाऊल टाकण्याची मुभा असते. डोक्याला किंवा मानेला जोराने स्पर्श चालत नाही, गुडघ्याखाली झेप घेता येत नाही, आणि पाडताना आपल्या शरीराचे सगळे किंवा बहुतांश वजन त्याच्या अंगावर टाकायचे नाही. यांतील पाऊल मोजता येते, गुडघा दिसतो. ‘बहुतांश वजन’ मात्र डोळ्यांनी तोलायचे असते, आणि तेही शंभर-सव्वाशे किलोचे दोन देह एकाच वेळी खाली येत असताना.

या वजनाच्या कलमाचा अलीकडचा इतिहास पाहिला तर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. १५ ऑक्टोबर २०१७ रोजी मिनेसोटाच्या अँथनी बार याने ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स याला पाडले, त्यात रॉजर्सच्या गळ्याजवळचे हाड मोडले. गुन्हा दिसला की पंच जो पिवळा झेंडा मैदानावर टाकतात, तो पडला नव्हता. पुढच्या हंगामात लीगने याच कलमावर विशेष भर दिला आणि त्याचा पहिला फटका बसला तो रॉजर्सच्याच संघातील क्ले मॅथ्यूज याला. २०१८ च्या पहिल्या तीन आठवड्यांत तीनदा त्याच्यावर हा दंड झाला. दुसऱ्या आठवड्यातला दंड तर सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत झाला. ग्रीन बेने चेंडू अडवून सामना जवळजवळ खिशात घातला होता, पण झेंड्यामुळे ती चाल रद्द झाली आणि सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. त्यानंतरच्याच आठवड्यात मायामीचा विल्यम हेज हा क्वार्टरबॅकच्या अंगावर आपले वजन पडू नये म्हणून हवेतच वळला आणि त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. इतके रामायण झाल्यावर लीगने नियमाचा एक शब्दही बदलला नाही, संघांना काही चित्रफिती पाठवल्या, आणि पुढच्या आठवड्यांत झेंडे पडण्याचे प्रमाण हळूहळू उतरले. सप्टेंबरमध्ये जी कृती गुन्हा ठरत होती ती नोव्हेंबरमध्ये खपून जाऊ लागली. आपल्याला जाणवणारी विसंगती काही प्रमाणात अशी वरूनच झिरपत आलेली असते.

दुसरे कारण अधिक मुळाशी आहे आणि माझ्या मते सामान्य प्रेक्षकाला ते पुरेसे सांगितले जात नाही. नियमपुस्तकातच पंचांना अशी सूचना आहे की क्वार्टरबॅकवरील धोकादायक कृतीबद्दल शंका असेल तर नेहमी दंडच द्यावा. दुसऱ्या बहुतेक गुन्ह्यांमध्ये शंकेचा फायदा खेळाडूला मिळतो; इथे तो मुद्दाम काढून घेतला आहे. पांढरी टोपी घालणारा मुख्य पंच, म्हणजे रेफरी, क्वार्टरबॅकच्या मागे काही यार्डांवर उभा असतो आणि चेंडू सुटल्यानंतरही त्याची नजर चेंडूमागे न जाता क्वार्टरबॅकवरच राहावी अशी अपेक्षा असते. म्हणजे पडणारा माणूस त्याला बहुधा पाठीमागून दिसतो, तर टीव्हीवर आपण तीच घटना समोरून, बाजूने आणि संथगतीने पाहतो.

ऑक्टोबर २०२२ मधल्या लागोपाठच्या दोन दिवसांत हे सगळे उघड्यावर आले. ९ तारखेला अटलांटाच्या ग्रेडी जॅरेट याने टँपा बेचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला कमरेला धरून फिरवत खाली आणले. खरे तर अगदी पाठ्यपुस्तकी पकड होती ती. रेफरी जेरोम बोगर यांनी झेंडा टाकला, टँपा बेकडे चेंडू राहिला आणि त्यांनी सामना २१-१५ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी रात्री कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्स याने लास वेगसचा क्वार्टरबॅक डेरेक कार याच्या हातातून चेंडूच हिसकावून घेतला आणि दोघे कोसळले. संथगतीत पाहिले तर एका हातात चेंडू आणि दुसरा हात जमिनीवर टेकून जोन्स आपला भार सावरत असल्याचे दिसते. तरीही रेफरी कार्ल चेफर्स यांनी पूर्ण वजन अंगावर टाकल्याचा ठपका ठेवला. चेंडू ज्याच्या ताब्यात आलेला आहे त्यालाच ‘चेंडू फेकणाऱ्याला इजा केली’ म्हणून दंड व्हावा, हे पाहून स्टेडियममधले प्रेक्षक चवताळले यात नवल नाही. याच्या दहा-अकरा दिवस आधी मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ याला सिनसिनाटीच्या मैदानातून स्ट्रेचरवर न्यावे लागले होते आणि मेंदूला होणाऱ्या इजेवरून लीगवर टीकेची झोड उठली होती. पंचांचे हात त्यामुळेच सैल झाले असे अनेकांनी म्हटले. तसा आदेश निघाल्याचे लीगने मान्य केले नाही. पण जिथे शंका आली की झेंडा टाकायचा अशी मुळातच सूचना आहे, तिथे वेगळ्या आदेशाची गरज काय? वातावरण बदलले की शंका येण्याचे प्रमाण आपोआप वाढते.

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये आमच्या ह्यूस्टन संघाचा कॅन्सस सिटीकडून झालेला पराभव आम्ही पंधरा मराठी कुटुंबांनी एकत्र पाहिला. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला नुसता हात लागला तरी झेंडा पडतो. पंच त्यांना मिळालेले आहेत, असे म्हणायला हरकत आहे का?
– एक वाचक, शुगर लँड, टेक्सस

उत्तर : हरकत आहे. मात्र त्या दिवशीची आपली तक्रार रास्त होती. १८ जानेवारीच्या त्या सामन्यात महोम्सवरील धडकेबद्दल ह्यूस्टनला दोनदा दंड झाला. त्यांतला दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पळत असताना पाय पुढे करून जमिनीवर घसरला की ‘मी थांबलो’ असा त्याचा अर्थ होतो आणि त्याला मारायचे नसते. महोम्सने ही घसरण अगदी अखेरच्या क्षणी केली. अंगावर येणाऱ्या दोन बचावपटूंना थांबणे अशक्य होते, आणि ते मुख्यतः एकमेकांवरच आदळले. तरीही झेंडा पडला. समालोचन करणारे ट्रॉय एकमन हे स्वतः डॅलसचे नामांकित क्वार्टरबॅक होते, आणि ज्या जातीच्या खेळाडूंना हे संरक्षण मिळते त्याच जातीचा हा माणूस प्रक्षेपणातच या निर्णयावर उघड नाराजी व्यक्त करत होता. सामना २३-१४ असा संपला.

यावरून कट सिद्ध होत नाही. संरक्षण ‘शंका आली तर दंड’ या तत्त्वावर चालते आणि ते सर्व बत्तीस संघांच्या क्वार्टरबॅकना लागू आहे. परंतु जो क्वार्टरबॅक सतत पळतो, रेषेच्या कडेकडेने रेंगाळतो आणि शेवटच्या पावलाला घसरतो, तो अशा शंका अधिक निर्माण करतो. महोम्स हा नियम कोळून प्यायला आहे. याला चलाखी म्हणावी, लबाडी म्हणावी की कसब, हे आपण कोणत्या संघाचे पाठीराखे आहात यावर अवलंबून राहील. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पक्षपाताचा आरोप हास्यास्पद म्हणून उडवून लावला. त्यांनी असे उडवून लावण्याऐवजी त्या दोन झेंड्यांचा हिशेब दिला असता, तर आपल्या पंधरा कुटुंबांचे अधिक समाधान झाले असते.

आता याच संघाच्या बाबतीतले उलट उदाहरण पाहा. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, शेवटची दोन मिनिटे उरली असताना फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबरी याने कॅन्सस सिटीच्या खेळाडूला धरल्याबद्दल झेंडा पडला आणि कॅन्सस सिटीने सामना ३८-३५ असा जिंकला. निम्मी अमेरिका पंचांवर तुटून पडली. सामन्यानंतर ब्रॅडबरीनेच सांगून टाकले की आपण जर्सी ओढली होती आणि पंच सोडून देतील अशी आशा होती. निर्णय नियमाला धरूनच होता. प्रेक्षकांची चीड त्यातील वेळेबद्दल होती: संध्याकाळभर असली ओढाताण चालू दिली आणि नेमकी शेवटी का पकडली, अशी. ही चीड मला समजू शकते, कारण खेळाडू नियमपुस्तकापेक्षा त्या दिवशीच्या पंचांच्या सहनशक्तीचा अंदाज घेऊन खेळत असतात.

प्रश्न : क्रिकेटमध्ये तिसरा पंच आल्यापासून ढळढळीत चुका पुष्कळ कमी झाल्या. एनएफएलकडे पैसा आहे, कॅमेरे आहेत. मग व्हिडिओ पाहून दंड का ठरवत नाहीत?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : प्रयोग झाला आणि फसला. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांच्यात सुपर बोलच्या दारातला सामना २०-२० असा अडकलेला होता आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. न्यू ऑर्लिन्सच्या टॉमीली लुईस याच्याकडे चेंडू येण्यापूर्वीच रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमन याने त्याला धडक देऊन आडवा केला. पंच समोर होते. झेंडा पडला नाही. न्यू ऑर्लिन्सला तीन गुणांवर समाधान मानावे लागले, रॅम्सने बरोबरी साधून जादा वेळेत २६-२३ असा विजय मिळवला. न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सामन्यानंतर लगेच सांगितले की लीगच्या कार्यालयाने फोनवर चूक कबूल केली आहे. पुढे त्याच धडकेसाठी रोबी-कोलमनला २६,७४१ डॉलरचा दंडही झाला, तो हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याबद्दल. मैदानावर जी धडक कुणाला दिसली नाही तिचा भुर्दंड टपालाने आला.

या प्रकरणानंतर २०१९ च्या हंगामापुरती, चेंडू झेलणाऱ्याला दिलेल्या अडथळ्याची फेरतपासणी करण्याची सोय झाली. पण क्रिकेटमध्ये चेंडू रेषेत पडला की बाहेर, हे यंत्र सांगू शकते. ‘अडथळा झाला का’ हे यंत्राला सांगता येत नाही. संथगतीत पाहिले तर जवळजवळ प्रत्येक चालीत कुणी ना कुणी कुणाला ओढत असतोच. लीगच्या न्यूयॉर्कमधील कार्यालयातले तपासनीस मैदानावरचा निर्णय फिरवायला इतके नाखूश दिसले की प्रशिक्षकांचा विश्वास उडाला, आणि एका हंगामानंतर ही सोय बंद झाली.

पुढे लीगने सावध पावले टाकली. आता वरच्या खोलीत बसलेला तपासनीस काही बाबतींत मैदानावरच्या पंचांना मदत करतो, आणि २०२५ पासून चेहऱ्यापुढची जाळी ओढणे किंवा मागून कॉलरला धरून पाडणे अशा दंडांत, गुन्हा झालाच नसल्याचे चित्रफितीत स्वच्छ दिसत असेल तर झेंडा मागे घेता येतो. यातली मेख अशी की पडलेला झेंडा उचलता येतो, पण न पडलेला टाकता येत नाही. आणि गाजलेली चूक नेमकी याच दुसऱ्या प्रकारातली होती. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी रॅम्सच्या बायरन यंग याने मिनेसोटाच्या सॅम डार्नल्डची जाळी पकडून त्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडले. डार्नल्डचे हेल्मेट फिरून मान वळलेली कोट्यवधी लोकांनी पाहिली, पण रॅम्सला दोन गुण मिळाले आणि सामना ३०-२० असा संपला. क्वार्टरबॅकचे तोंड आपल्या विरुद्ध दिशेला होते त्यामुळे आपल्याला ती पकड दिसली नाही, असे रेफरी ट्रा ब्लेक यांनी नंतर सांगितले, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. मैदानावर सात पंच असतात, पण प्रत्येकाला आपापला माणूस आणि आपापला टापू नेमून दिलेला असतो. अशा वेळी वरच्या खोलीतल्या माणसाला झेंडा टाकण्याचा अधिकार द्यावा, निदान डोके, मान आणि जाळी यांपुरता तरी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सामने लांबतील ही भीती मला पटत नाही. तीन तासांच्या प्रक्षेपणात जाहिरातींना जितका वेळ मिळतो त्यातले अर्धे मिनिट एखाद्याच्या मानेसाठी द्यायला हरकत नसावी.

पंच बदलून प्रश्न सुटेल असे काही वाचक सुचवतात. २०१२ मध्ये वेतन आणि निवृत्तिवेतनाच्या वादात लीगने नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवून बदली पंच नेमले होते. २४ सप्टेंबरच्या सिॲटल-ग्रीन बे सामन्याच्या शेवटच्या चालीत दोन पंच एकमेकांशेजारी उभे राहून वेगवेगळे इशारे करू लागले, सिॲटल १४-१२ असे जिंकले, आणि दोनच दिवसांत तडजोड होऊन जुने पंच परत आले. त्यांतील बहुतेकांचा दुसरा पोटाचा व्यवसाय असतो. अनेक वर्षे मुख्य पंच राहिलेले एड होकुली हे ॲरिझोनात वकिली करत. पूर्णवेळ पंच नेमले तर सराव वाढेल हे खरे, परंतु नजरेआड झालेली जाळी त्यांनाही दिसणार नाही.

प्रश्न : बोस्टनला असलेला माझा नातू हा खेळ वेडा होऊन पाहतो. नियम मोडणाऱ्यांना कडक शिक्षा केली तर खेळ सुरक्षित होईल ना?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : थोडा होईल. मात्र या खेळातील काही अतिशय गंभीर इजा नियमात राहून झालेल्या आहेत, हे आपल्याला सांगणे भाग आहे. १२ ऑगस्ट १९७८ रोजी, ज्या न्यू इंग्लंड संघाचे सामने आपला नातू पाहत असेल, त्याच संघाचा डॅरिल स्टिंगली ओकलंडमधील एका सराव सामन्यात जॅक टेटमच्या धडकेने मानेखाली कायमचा लुळा झाला. त्या धडकेला दंड झाला नाही, कारण तेव्हाच्या नियमांप्रमाणे ती चालत होती. जानेवारी २०२३ मध्ये बफेलोच्या डमार हॅमलिनचे हृदय मैदानावरच थांबले, तेही छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या अगदी साध्या धडकेने. तो वाचला आणि पुन्हा खेळू लागला. पण त्या चालीत कुणाचाही दोष नव्हता.

मेंदूची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर २००२ मध्ये वारल्यावर डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत जी विकृती आढळली ती वर्षानुवर्षे बसलेल्या लहानमोठ्या धक्क्यांशी जोडली जाते. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले तेव्हा ११० मध्ये ती सापडली. हे मेंदू कुटुंबीयांनी, बहुधा लक्षणे पाहूनच, दान केलेले होते, म्हणून त्यावरून सर्व खेळाडूंचे प्रमाण काढता येणार नाही. तरी असे धक्के प्रत्येक चालीत, रेषेवरच्या धिप्पाड खेळाडूंच्या डोक्यांत, झेंड्याविना बसत असतात. २०१८ मध्ये डोके खाली घालून धडक देण्यास बंदी आली. सराव सामन्यांत झेंड्यांचा पाऊस पडला आणि हंगाम सुरू झाल्यावर तो तुरळक झाला. नातवाला खेळ पाहू द्यावा. खेळायचे म्हटले तर मात्र त्याच्या आई-वडिलांनी आधी डॉक्टरांशी बसून बोलावे.

प्रश्न : जाणूनबुजून जायबंदी करण्यासाठी पैसे वाटले जात होते, हे खरे आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : लीगच्या चौकशीचा निष्कर्ष तसाच होता. २००९ ते २०११ या काळात न्यू ऑर्लिन्सच्या बचावपटूंनी एक फंड चालवला, प्रतिस्पर्ध्याला स्ट्रेचरवर न्यावे लागले तर हजार डॉलर आणि तो सामन्यातून बाद झाला तर दीड हजार असे दर होते, आणि बचावाचे प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांची त्याला साथ होती, असे लीगने मार्च २०१२ मध्ये जाहीर केले. शॉन पेटन यांना पूर्ण हंगामभर निलंबित केले गेले, संघाला पाच लाख डॉलरचा दंड झाला. खेळाडूंवरची निलंबने मात्र माजी आयुक्त पॉल टॅग्लिअबू यांनी डिसेंबरमध्ये रद्द केली. मुख्य जबाबदारी त्यांनी प्रशिक्षक आणि संघ यांच्यावर टाकली. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या लीगमध्ये हजार डॉलरसाठी कुणी कुणाचा गुडघा फोडेल का, असा प्रश्न पडतो, पण ड्रेसिंग रूममध्ये सर्वांसमोर मिळणाऱ्या पाकिटाचे मोल त्यातल्या नोटांवर ठरत नाही.

प्रश्न : खेळाडूंना होणारा आर्थिक दंड जखमी खेळाडूला मिळतो का? आणि झेंडा पडला तरच दंड होतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. सामन्यानंतर लीगचे कार्यालय चित्रफिती पाहून दंड ठरवते, मग मैदानावर झेंडा पडलेला असो वा नसो. वर सांगितलेल्या जॅरेट-ब्रेडी प्रसंगात झेंडा जॅरेटवर पडला, पण पाडला गेल्यावर जॅरेटला लाथ मारू पाहिल्याबद्दल ११,१३९ डॉलर भरावे लागले ते ब्रेडीला. खेळाडूला दाद मागता येते, आणि ती ऐकणारे अधिकारी लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून नेमतात. जमलेली रक्कम माजी खेळाडूंच्या मदतीसाठी आणि खेळाडूंच्या आरोग्यविषयक कामांसाठी वापरली जाते; ज्याला धडक बसली त्याच्या हाती त्यातले काही येत नाही.